आतली काच

काच बदलायला प्रबुद्धला अर्धा तासही लागला नव्हता, आणि तेवढ्या वेळात चोरी हा शब्द त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. तो नंतर आला, आणि आला तो कायमचाच मुक्कामाला आला.

प्रबुद्ध मूळचा पोशीरचा. बाप चंदर भातशेती करायचा, आई विठाबाई नेरळच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. बारावीनंतर तो मुंबईत कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागला आणि तिथंच त्याचा हात बसला. पुढं रोलचे कॅमेरे गेले, डिजिटल आले, मग त्यांनाही मोबाइलनं खाल्लं. दुकान बंद पडलं. गावाकडं येऊन प्रबुद्धनं काही वर्षं मोबाइलच्या फुटक्या काचा बदलल्या. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तरण्या पोरापोरींना रोलच्या कॅमेऱ्यांचं पुन्हा वेड लागलं. प्रबुद्धनं माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली काढली, कर्जतच्या बाजारपेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली घेतली आणि कामाला लागला. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या कपाटांतून, भंगारवाल्यांकडून, वारलेल्या माणसांच्या पेट्यांमधून तो कॅमेरे मिळवायचा. उघडायचा, चिकट झालेल्या फोमच्या पट्ट्या खरवडून नव्या लावायचा, शटर जुळवायचा, आणि इंटरनेटवर विकायचा. माणूस गोड बोलायचा, काम चोख करायचा. नाव होत चाललं होतं.

त्याच्या धंद्याचा वैरी एकच, आपल्याकडचा पावसाळा. चार महिने हवा ओली. भिंतींना ओल धरते, कपाटातल्या कपड्यांना वास मारतो, आणि लेन्सच्या आत बुरशी चढते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काचेवर पसरतात. वेळेवर पुसली तर निघते. उशीर झाला तर ती काचेवरचा लेपच खाऊन टाकते, आणि मग कितीही पुसा, काच आपल्यावर कुणी श्वास सोडल्यासारखी धुरकट राहते. उजेडाकडं तोंड करून फोटो काढला की सगळा उजेड त्या धुरकटपणात फुटतो आणि फोटोभर पसरतो.

त्या वर्षी ज्येष्ठात चारुलताबाईंचा कॅमेरा नेहमीप्रमाणे साफसफाईला आला होता.

चारुलताबाई दहिवलीत राहायच्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, मुलगा केयूर पुण्याला. त्यांचा पेंटॅक्स त्यांना भावानं लग्नात दिला होता आणि तेव्हापासून तो त्यांच्या खांद्यावरून उतरला नव्हता. फोटो काढायच्या ते कुणाचे, तर बाजारात रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसणाऱ्या बायांचे. सकाळच्या पहिल्या गाडीनं, जीपनं, कुणी पायी डोक्यावर पाट्या घेऊन येणाऱ्या बाया. बाई त्यांच्याशी बोलत बसायच्या, शेवळं नाहीतर कंटोली अशी रानभाजी घ्यायच्या, मग म्हणायच्या, "काढू का गं एक?" आणि पुढच्या खेपेला त्या बाईच्या हातात तिचा फोटो द्यायच्या. केयूरनं चांगला डिजिटल कॅमेरा पाठवला होता, तो कपाटात होता. "त्यात फोटो राहतात," बाई म्हणायच्या, "माणसाच्या हातात येत नाहीत."

प्रबुद्धला पहिली गिऱ्हाइकं बाईंनीच मिळवून दिली होती. भेटेल त्याला सांगायच्या, "आमच्या प्रबुद्धकडे न्या. डोळे मिटून द्या."

तर बाईंचा कॅमेरा टेबलावर होता, आणि त्याच टेबलावर तशीच, त्याच जातीची, दुसरी एक लेन्स होती. ती जायची होती ऋजुताकडं. ऋजुता खोपोलीची, शिळफाट्याजवळ राहायची, एका कंपनीत इंजिनिअर होती आणि जुन्या कॅमेऱ्यांवर इंटरनेटवर लिहायची. तिचं लिहिणं पुष्कळ लोक वाचत. प्रबुद्धनं तिला फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "मॅडम, काच पाण्यासारखी आहे." ते सांगितलं तेव्हा त्यानं लेन्स उघडलेली नव्हती. उघडली तेव्हा आतल्या काचेवर बुरशी निघाली. त्यानं ती पुसली. टॉर्च मारला. धुरकटपणा तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता येणार होती.

त्यानं सहज म्हणून बाईंच्या लेन्समधून टॉर्च मारून पाहिला. बाई कॅमेरा तांदळाच्या डब्यासारखा कोरडा जपायच्या. आतली काच खरंच पाण्यासारखी होती.

लेन्स उघडायची दोन टोकांची चावी त्याच्या हातातच होती. बाईंच्या लेन्समधली आतली काच काढून ऋजुताच्या लेन्समध्ये गेली, ऋजुताच्या लेन्समधली बाईंच्या. वरून बघणाऱ्याला काही म्हणता काही कळलं नसतं. 'पुढंमागं चांगली काच मिळाली की बाईंची परत बसवून देऊ,' त्यानं मनाशी म्हटलं. आणि आणखीही एक विचार त्याच्या मनात आला होता, जो पुढं त्याला फार टोचला. बाजारातल्या भाजीवाल्यांचेच तर फोटो, जरा धुरकट आले तर कुणाला कळणार आहे?

ऋजुता खूश झाली. तिनं भरभरून लिहिलं. प्रबुद्धला बंगलोरहून, कोलकात्याहून फोन यायला लागले.

श्रावणात, पाऊस जरा उघडला तेव्हा, बाई जिना चढून वर आल्या. छत्री कोपऱ्यात टेकवली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून फोटो काढून टेबलावर मांडले.

"प्रबुद्ध, हे बघ रे. सगळ्यांवर राख उडवल्यासारखं काय दिसतंय?"

त्यानं पाहिलं आणि त्याला एका नजरेत कळलं. काळा रंग काळा नव्हता, चेहरे पुसट होते, जिथं पागोळ्यांवर ऊन पडलं होतं तिथून पांढरेपणा सांडून सगळीकडं पसरला होता.

"लेन्स बघतोस का? मी खिडकीशी धरून बघितली, मला तर स्वच्छ वाटली. पण मला काय कळतंय त्यातलं."

त्यानं लेन्स काढली. टॉर्च मारला. धुरकटपणा समोर उभा होता. बाई लेन्सकडं बघतच नव्हत्या. स्टुलावर बसून त्या त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

तो घाबरला. दुसरं काही नाही, नुसता घाबरला, आणि तोंडातून निघून गेलं, "लेन्स चांगली आहे बाई. फोकस जरा हुकतोय."

"म्हणजे माझे डोळे."

आत्ताही सांगता आलं असतं. तो म्हणाला, "वयोमानानं होतं थोडंफार."

बाईंनी मान हलवली. फोटो गोळा करून पिशवीत ठेवले. जाताना जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत उतरल्या. आधी अशा उतरत नसत.

प्रबुद्धनं ठरवलं की आता पहिली चांगली काच मिळेल ती बाईंची. भाद्रपदात एक मिळालीही, पनवेलच्या एका जुन्या स्टुडिओतून, अगदी स्वच्छ. त्याच आठवड्यात कोलकात्याच्या गिऱ्हाइकानं तीच मागितली. 'पुढची बाईंना,' असं म्हणून त्यानं ती पाठवून दिली. पुढची काही मिळाली नाही.

दिवाळी झाल्यावर एक दिवस बायको दर्शना म्हणाली, "बाईंचं डोल्याचं आपरेशन झालं म्हनं. जाऊन तरी या."

तो चिकू घेऊन गेला. बाई काळा चष्मा लावून व्हरांड्यात बसल्या होत्या, अगदी आनंदात.

"अरे ये, ये! काय सांगू तुला, पांढरा रंग एवढा पांढरा असतो हे मी विसरूनच गेले होते. डॉक्टर म्हणत होते, घाई नाही, अजून वर्षभर थांबलात तरी चालेल. मी म्हटलं, माझे फोटो बिघडतायत, मला थांबायचं नाही. करून टाका." मग त्या हसल्या. "तू वेळेवर बोललास म्हणून. नाहीतर मी आपली कॅमेऱ्यालाच दोष देत बसले असते."

प्रबुद्धच्या हातात चिकूंची पिशवी तशीच होती. ती कुठं ठेवावी हे त्याला सुचेना. सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं तोच शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या, आणि त्याला सुटल्यासारखं झालं. त्या सुटल्याची लाज त्याला घरी पोचेपर्यंत पुरली.

त्यानंतर तो बाईंच्या वाटेलाच गेला नाही. बाजारात लांबून दिसल्या तर गल्ली बदलायचा.

माघ सरत आला तेव्हा बाई पुन्हा दुकानात आल्या. खांद्यावर कॅमेरा, हातात कागदात गुंडाळलेली एक तसबीर. स्टुलावर बसल्या, दम घेतला.

"डोळे नवे झाले, तरी फोटो तसेच," त्या म्हणाल्या. "म्हणजे डोळे नव्हतेच. हातच गेला माझा. नजर गेली तर ऑपरेशन करता येतं, हाताला काय करणार?" त्यांनी कॅमेरा खांद्यावरून उतरवला आणि टेबलावर ठेवला. "हा तू ठेव. मी उगीच कपाटात कुजवणार. विकायचा तर वीक, पण वापरणाऱ्याला दे. तुझ्याइतकं त्याला कुणी जपलं नाही."

"बाई, असं नका करू."

"ऐक तर. आणखी एक काम आहे. कशेळ्याजवळच्या वाडीतली सोनुबाई तुला माहीत आहे? वालाच्या शेंगा घेऊन बसायची ती?"

त्याला माहीत होती. सोनुबाईला त्यानं लहानपणी आपल्या आईशेजारी नेरळलाही बसलेलं पाहिलं होतं.

"ती गेली रे परवा. मला कधी फोटो काढू द्यायची नाही. किती वर्षं! पदर तोंडावर घ्यायची. या पौषात मात्र आपणहून म्हणाली, 'बाई, माजा पन एक काडा.' काढला. हा असा आलाय. पण तिचा दुसरा फोटोच नाही, म्हणून मोठा करून घेतला. तू त्या बाजूला जातोस ना? देशील त्यांच्या घरी? मला हा असला फोटो घेऊन जायला लाज वाटते."

लाज वाटते, असं बाई म्हणाल्या. प्रबुद्धनं तसबीर घेतली.

रात्री दर्शनानं कॅमेरा पाहिला. "बाईंनी सोताचा दिला? तुमाला? केवडा जीव हाय त्यांचा तुमच्यावर!" असं म्हणून तिनं तो फडक्यानं पुसला आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर नीट मांडून ठेवला. प्रबुद्धला जेवताना त्या भिंतीकडं तोंड करून बसवेना. तो पाट उचलून दुसऱ्या बाजूला बसला.

सकाळी तो मोटरसायकलनं कशेळ्याला गेला. वाडी जरा आतच होती. सोनुबाईचा मुलगा लडकू ओट्यावर बसला होता, डोकं भादरलेलं. त्याची बायको रूपा पाण्याचा तांब्या घेऊन आली. प्रबुद्धनं बाईंचं नाव सांगितलं आणि कागद सोडला.

सोनुबाई बाजारात पाटीमागं बसलेली होती, पाठीमागून सकाळचं ऊन येत होतं. ते ऊन तिच्या केसांपाशी फुटलं होतं आणि सगळ्या चेहऱ्यावर सांडलं होतं. सुरकुत्या गेल्या होत्या. डोळे आणि हसणं तेवढं कळत होतं, बाकी नुसता उजेड.

"आगं बय!" रूपानं तोंडाला पदर लावला. "आत्याबायच्या भवती उजेड बगा कसा आलाय. देवावानी दिसत्यात. आवो, बगा ना."

लडकूनं तसबीर मांडीवर घेतली. बराच वेळ बघत राहिला. मग बोट उचलून काचेवर, आईच्या कपाळावर ठेवलं, तिथून हनुवटीवर आणलं.

"गोंदान नाय दिसत," तो म्हणाला.

"काय?"

"आयच्या कपालावर गोंदान व्हतं. हितं हनवटीवर तीन टिकल्या. ल्हान व्हतो तवा मी त्याच्यावर बोट ठेवून झोपायचो, आय सांगायची." त्यानं फोटो जरा तिरपा केला, जणू उजेड बाजूला सरकला तर खालचं गोंदण दिसेल. "नाय दिसत."

"ऊन हाय ना त्याच्यावर," रूपा म्हणाली.

"ऊन हाय," लडकूनं मान्य केलं. "चांगला हाय फोटू. बाईंना सांगा, लई चांगला हाय. आमच्याकडं दुसरा हाय कुटं?"

प्रबुद्धला सगळं ठाऊक होतं. ते गोंदण उन्हानं पुसलेलं नव्हतं. त्याच्या टेबलावरच्या काचेनं पुसलं होतं, आणि आता ते निगेटिव्हमध्येच नव्हतं, तेव्हा कुणी कितीही खटपट केली तरी परत येणार नव्हतं. रूपानं चहा ठेवते म्हटलं. तो नको म्हणाला. तरी तिनं ठेवलाच, आणि सुतकाच्या घरातला तो चहा त्याला त्या माणसांच्या समोर बसून घोट घोट प्यावा लागला. भिंतीत खिळा ठोकून लडकूनं तसबीर लावली, झेंडूची माळ घातली. प्रबुद्धला आपली आई आठवली. तिचाही असाच एक फोटो घरात होता, बाजारातला, लख्ख. कानातल्या बुगडीचे मणीसुद्धा मोजून घ्यावेत असा. तोही बाईंनीच काढलेला होता, याच कॅमेऱ्यानं.

तो घरी गेला नाही. कशेळ्याहून निघाला तो कर्जतला दुकानातून दुसऱ्या जातीची एक लेन्स पिशवीत घालून थेट खोपोलीला गेला. सुटीचा वार होता, ऋजुता घरी सापडली.

"मॅडम, ती लेन्स मला परत पाहिजे. तुम्हाला हवी ती दुसरी देतो, याहून भारी."

"का? मला हीच आवडते. मी सगळं हिनंच काढते आता."

"जरा अडचण आहे."

"कसली अडचण?"

खोटं तयार होतं, अगदी ओठाशी. पण त्याला त्याचा कंटाळा आला होता. दारात उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. आतली काच कुणाची आहे, कशी आली, त्या बाईंचं काय झालं. ऋजुता ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे इतके महिने मी चोरीच्या काचेतून फोटो काढतेय," ती म्हणाली.

तोपर्यंत तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता.

ती आत गेली, लेन्स घेऊन आली, त्याच्या हातावर ठेवली. त्यानं पिशवीतून दुसरी काढली तर तिनं हात मागं घेतला. "नको. तुमच्याकडचं मला काही नको. आणि मी तुमच्याबद्दल जे लिहिलंय ते आज काढून टाकते." दार लावता लावता ती थांबली. "त्यांना सांगितलंत का?"

"नाही अजून."

"मग माझ्याकडे आधी कशाला आलात?" तिनं विचारलं आणि दार लागलं.

त्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर होतं, पण ते चांगलं नव्हतं. काच हातात असली की सांगणं सोपं जाईल, असं त्याला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार लोटून त्यानं दोन्ही लेन्स उघडल्या. हजारदा केलेलं काम, पण चावी दोनदा घसरली. बाईंची काच बाईंच्या लेन्समध्ये गेली. टॉर्च मारला. आतलं पाणी निवळलं होतं. त्यानं कॅमेरा पिशवीत घातला आणि दहिवलीचा पूल ओलांडला.

बाई स्वयंपाकघरात दुपारचा चहा टाकत होत्या. "परत का आणलास रे?" त्यांनी विचारलं. "बिघडला का?"

"बाई, हा तुमचाच आहे. आता फोटो चांगले येतील. डोळ्यांचं काही नव्हतं, हाताचंही नव्हतं. आतली काच खराब होती."

"अगंबाई! मग तेव्हा तुला दिसली नाही का?"

'नाही दिसली बाई, चुकलं माझं,' एवढं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. बाईंनीच ती वाट त्याला काढून दिली होती आणि त्या वाटेनं जायला त्या मनापासून तयार होत्या. प्रबुद्धनं ओट्याची कड धरली.

"दिसली होती," तो म्हणाला. "मीच घातली होती ती. तुमची चांगली काच काढून मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली."

बाईंनी गॅस बंद केला. मग त्यांनी एकेक करून विचारलं, शाळेत विचारत असतील तसं, आवाज न चढवता. कधी? कुणाला? का? त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. सगळं सांगून झालं तेव्हा भांड्यातल्या चहावर साय धरली होती.

"मी तुझ्याकडे आले होते विचारायला," बाई म्हणाल्या.

"हो."

"तू टॉर्च मारून बघितलंस. आणि मला म्हणालास, वयोमानानं होतं."

"सांगायला हवं होतं मी."

"ते मला ठाऊक आहे. का नाही सांगितलंस ते विचारतेय."

"तुमचा माझ्यावर विश्वास होता. तो जाईल म्हणून."

बाई खुर्चीवर बसल्या. "ऑपरेशनचं मला काही नाही. आज ना उद्या करायचंच होतं. पण मधले ते महिने... मी रस्ता ओलांडायला घाबरायला लागले होते. वाचताना अक्षर पुसट वाटायचं. जिना उतरताना पायरी चुकेल असं वाटायचं. ते खरंच पुसट होतं, की तू म्हणालास म्हणून वाटायचं, हे आता मला कधीच कळायचं नाही." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. "तुझा मान राहावा म्हणून तू मला आंधळी केलंस, प्रबुद्ध."

मग त्यानं कशेळ्याचंही सांगितलं, रूपाला उजेड कसा दिसला आणि लडकूनं बोट कसं फिरवलं ते. बाईंनी डोळे मिटले.

"मला दिसलं होतं गोंदण नाही ते. प्रिंट हातात आली तेव्हाच. मला वाटलं, माझ्या हातून गेलं."

"मी उद्या जाऊन लडकूदादाला सांगतो बाई. त्याला कळू दे कुणामुळं ते. मला काय बोलायचं ते बोलू दे."

"नाही." बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "मुळीच जायचं नाही. सूनबाईला त्यात उजेड दिसतोय ना? तो दिसू दे तिला. तू सांगून मोकळा होशील आणि त्यांच्या भिंतीवर आईऐवजी बुरशी राहील. ते काही करायचं नाहीस. तुला जड होतंय ना? मग होऊ दे."

त्या उठल्या. कॅमेरा पिशवीतून काढला, लेन्स खिडकीकडं करून बघितली आणि कपाटात ठेवून दिला. चहा त्यांनी पुन्हा तापवला नाही. "जा आता," म्हणाल्या.

घरी दर्शनानं रिकामी फळी बघून विचारलं. त्यानं तिलाही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या आयचा फोटू पन त्यांनीच काडला व्हता ना वो?" आणि भांडी घासायला मागच्या दारी निघून गेली. काही दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

ऋजुतानं लिहिलेलं काढून टाकलं. कारण तिनं कुठं दिलं नाही. लांबचे फोन जरा कमी झाले. बाईंनी तर गावात चकार शब्द काढला नाही. त्यांच्या ओळखीची माणसं अजूनही जिना चढून वर येत आणि सांगत, "बाईंनी मागे तुमचं नाव सांगितलं होतं." प्रबुद्ध आता प्रत्येक गिऱ्हाइकापुढं लेन्स उघडून, त्याच्या स्वतःच्या हातात टॉर्च देऊन आतलं दाखवतो. लोक म्हणतात, असा सरळ माणूस या धंद्यात बघायला मिळत नाही. ते ऐकलं की त्याचं दिवसभर कामात लक्ष लागत नाही.

वैशाख संपता संपता बाजारात शेवळं आली. सकाळी झेरॉक्सच्या दुकानासमोर मोटरसायकल लावून प्रबुद्ध वर जाणार, तोच त्याला पलीकडं बाई दिसल्या. खांद्यावर पेंटॅक्स. शेवळांच्या जुड्या मांडून बसलेल्या एका म्हातारीसमोर त्या उकिडव्या बसल्या होत्या आणि म्हातारी हसत पदर सारखा करत होती. तो गल्ली बदलायला वळला, पण पाय निघेना. उलट तो दोन पावलं पुढंच गेला, त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. काय बोलायचं हे त्याचं ठरलेलं नव्हतं.

बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला, थांबल्या, आणि मान न वळवता म्हणाल्या, "जरा बाजूला हो. सावली पडतेय तुझी."

ती त्यांना कुणाची सावली वाटली, हे त्याला कळलं नाही. तो बाजूला झाला. शटर वाजलं. बाईंनी हाताच्या टेकूनं उठून गुडघे झटकले, म्हातारीला म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात आणून देते हं," आणि पुढच्या पाटीकडं गेल्या. तो तिथंच उभा होता. शेवळांवर पुन्हा ऊन पडलं होतं.

"काय पायजे रं पोरा?" म्हातारीनं विचारलं.

त्यानं एक जुडी घेतली आणि जिना चढून कामाला गेला.